पूर्णिमाची पावडर

४ नोव्हेंबर
आज रुजू झाले! निपाणीहून निघताना आईनं बिनलसणाची शेंगाचटणी बांधून दिली. कॅम्पात चर्चमागे खोली मिळालीय. घरमालकीण अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलते. आमचं छान जमेल.

प्रयोगशाळा विमानतळाजवळ, सांब्र्याच्या रस्त्यावर. इथले प्रमुख नागेंद्र सर, त्यांनी स्वतः सगळं दाखवलं. गाड्यांसाठी हायड्रोजन साठवून ठेवणारी पावडर इथं करतात. लिथियम बोरोहायड्राइड, दिसायला अगदी मिठासारखं. ओलावा लागला की बिघडतं, जास्त पाणी पडलं तर पेटी फुटेल इतका हायड्रोजन एकदम सुटतो, म्हणून आर्गन वायू भरलेल्या काचेच्या पेटीत ठेवतात. पेटीला दोन लांब रबरी हातमोजे बसवलेत. बाहेरून त्यांत हात घालून आतलं काम करायचं. आत पावडरीची मोठी बरणी आणि छोट्या कुप्या. एका कुपीवर ‘पूर्णिमा’ लिहिलंय. माझ्या जागेवर आधी तीच होती. मे महिन्यात तापानं गेली. वाईट वाटलं.

१० नोव्हेंबर
पहिल्यांदा पावडर तापवली. शंभर अंशांच्या जरा पुढं गेलं की तिचे कण आतल्या आत मांडणी बदलतात. बाहेरून काहीच कळत नाही, आलेखात तेवढा एक खळगा दिसतो. पावणेतीनशेच्या आसपास ती वितळते आणि चारशेच्या वर फेसाळून हायड्रोजन सोडते. किती सुंदर! पण एकदा सोडलेला हायड्रोजन सहजासहजी परत घेत नाही, सगळं तिथंच अडलंय.

सर म्हणाले, पूर्णिमाची पावडर दोनशेलाच सोडायची आणि परतही घ्यायची. तिनं त्यात काय मिसळलं होतं, ते तिच्याबरोबरच गेलं.

झाडलोट करणाऱ्या जयाबाईंनीही सांगितलं, “पूर्णिमाआक्काचा हात लई हलका व्हता बगा, म्याडम.”

ती आक्का. मी म्याडम.

१९ नोव्हेंबर
माझी पावडर पुन्हा चिकट झाली. ओलावा कुठून शिरतो, कळत नाही. सर रागावले नाहीत, नुसते तिच्या कुपीकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. गेलेल्या माणसाच्या चुका कुणाला आठवत नाहीत. मला ती सहन होत नाही. लिहून टाकलं.

आज उजव्या हातमोज्यात हात घातला तर तो आतून कोमट होता. कुणीतरी आत्ताच हात काढून घेतल्यासारखा. पण कुलूप मीच उघडलं होतं.

२७ नोव्हेंबर
केलं. तिची चिमूटभर पावडर माझी म्हणून तापवली. दोनशेला दाब सरसर चढला. सर खुर्चीतून उठलेच. बेंगळूरच्या परिषदेत तूच बोलायचं, म्हणाले. मग पाठ थोपटून म्हणाले, शाब्बास पूर्णिमा. आपण काय बोललो, त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पेटीतल्या दाबामुळं हातमोजे नेहमी बाहेर ताठ उभे असतात. जेवून आले तर उजव्याची मूठ वळलेली.

१ डिसेंबर
पेटीत माझ्या सगळ्या कुप्या उघड्या पडल्यात. तिची तेवढी बंद. जयाबाईंना विचारलं. त्या पेटीजवळही जात नाहीत. म्हणाल्या, “आक्कास्नी त्यांच्या सामानाला दुसऱ्यानं हात लावलेला खपायचा न्हाय.”

म्हणजे तीही माझ्यावर जळते.

३ डिसेंबर
परिषद गेली खड्ड्यात. तिची पावडरच नको. कुपीत उरलीय ती थोडीशीच, पाणी पडलं की संपली. मग तरी सर मला दिव्या म्हणतील.

६ डिसेंबर, रविवार
भर दुपार. कुणी नाही. पाण्याची बाटली पेटीत सामान घालायच्या झडपेतून आत सरकवली. तिची कुपी उचलायला उजवा हात घातला आणि तिथं, रबराच्या आत, माझ्या बोटांत कुणाचीतरी बोटं—

हात निघत नाही. मोबाईल दाराबाहेर, आत आणायला बंदी आहे. वही मांडीवर. डाव्या हातानं लिहितेय—

ओरडले. वरून विमान चाललं होतं.

बोटं तापलेली. फणफणलेली—

म्हटलं, सोड. तुझंच नाव सांगते सगळ्यांना. तुझंच. आणखी घट्ट—

डावा हातमोजा आत वळलाय. माझा हात त्यात नाही. तरी तो भरलाय, पाची बोटं—

त्यानं पावडरीची मोठी बरणी उघडली. आता बाटली. नको गं आक्का, नको— झाकण फिरतंय— दाबाचा काटा— काच