एकही सामना न जिंकता आणलेलं कांस्यपदक

उंब्रज,
मंगळवार

तीर्थरूप कृष्णातदाजींच्या पायांशी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे नाथाजीचा, दंडवत. (दंडवत पत्रातच मानून घ्यावा. तैवानहून आल्यापासून कंबर वाकायला तयार नाही, आणि वाकली तर परत सरळ व्हायला तयार नाही.) तुमची साखर आटोक्यात आहे ना? मायाअक्काचा गुडघा काय म्हणतो? कवठे महांकाळात यंदा द्राक्षांना बरं हवामान लाभो. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. आमची चंद्राबाई सकाळपासून माझ्यावर तोंड टाकते आहे, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम आहे.

परवा तुमचा फोन आला. तालुक्याला आमचा सत्कार, उघड्या जीपमधून मिरवणूक, पुढं हलगी, आणि शाळेच्या मैदानावर तुम्ही लोकवर्गणीतून बांधलेल्या टेनिस कोर्टाचं आमच्या हस्ते उद्घाटन, असं सगळं तुम्ही एका दमात सांगितलंत आणि फोन ठेवलात. मी मध्ये तीनदा 'पण दाजी' म्हणालो. ते तुमच्यापर्यंत पोचलं नसावं. म्हणून हे पत्र. तैवानात काय झालं ते जसंच्या तसं लिहितो. वाचून मग जीप सांगायची की नाही ते ठरवा.

तर ह्या स्पर्धा म्हणजे प्रौढ माणसांचं ऑलिंपिक समजा. पळणं, पोहणं, तिरंदाजी, टेनिस, सगळं असतं आणि देशोदेशीची माणसं येतात. फरक एवढाच, की वयाची तिशी ओलांडली असली आणि नाव नोंदवलं, की कुणालाही जाता येतं. निवड नाही, चाचणी नाही. हे मी गावात लपवून ठेवलं असं कुणी म्हणू नये. स्टँडसमोर चहा पिताना मी एवढंच म्हणालो होतो, की 'जागतिक स्पर्धेत आमचं नाव लागलंय.' ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ आपापल्या सोयीनं घेतला आणि संध्याकाळपर्यंत हायवेच्या पुलाजवळ फ्लेक्स लागला. त्यावर माझा पलटणीतला वर्दीतला फोटो, हातात नंतर चिकटवलेली रॅकेट (ती बॅडमिंटनची आहे, पण एवढ्या उंचावर कुणाला कळणार) आणि शेजारी एक मोठा वाघ. वाघाच्या जागी खरं म्हणजे पायगोंडा अण्णा पाहिजे होते. त्यांचा फोटो वेळेत मिळाला नाही.

अण्णांना तुम्ही भेटला नाहीत. पायगोंडा मगदूम, सांगलीचे हळदीचे व्यापारी, दुहेरीतले माझे जोडीदार. मी थोरल्या पोराकडं सांगलीला राहायला गेलो की सकाळी ज्या कोर्टावर जातो, तिथली ओळख. मी टेनिस शिकलो अंबाल्याला. तिथं साहेब लोकांना चौथा गडी कमी पडायचा, मग जो जवान समोर दिसेल त्याला उभा करायचे, आणि मी मुद्दाम समोर दिसायचो. त्यामुळं माझा खेळ पलटणीचा आहे. आधी जोरात मारायचं, कुठं पडलं ते नंतर बघायचं. अण्णांचा खेळ पेढीवरचा. समोरच्याला पसंत पडेल असा चेंडू ते सावकाश, नीट दाखवून देतात. माणूस सोन्यासारखा, पण त्यांच्यात एक भयंकर खोड आहे. ते खरं बोलतात. आता तुम्ही म्हणाल, यात खोड कसली? दाजी, आमच्या गटात पंच नव्हते. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपण स्वतःच सांगायचं असतं. आणि अण्णांना जन्मात कधी चेंडू बाहेर पडलेला दिसलेला नाही.

जाताना राजमतीवहिनींनी अण्णांच्या दोन बॅगा नुसत्या खाण्यानं भरल्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, लसणाशिवायचं भडंग. अण्णा कांदा-लसूण खात नाहीत, कंदमुळं खात नाहीत आणि सूर्य मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेत नाहीत. परदेशात हा माणूस उपाशी मरणार, अशी सगळ्या घराची खात्री होती. मी आपला निवांत. मला काहीही चालतं, म्हणून मी बॅगेत चिवड्याची पुडीसुद्धा घेतली नाही. आणि तिथं गेल्यावर बघतो तर काय, गल्लोगल्ली बौद्ध लोकांची शाकाहारी हॉटेलं. त्यांनाही कांदा-लसूण वर्ज्य. अण्णा आत जायचे, हात जोडायचे, बटाटा-मुळा नको एवढं खुणेनं सांगायचे आणि ढेकर देत बाहेर यायचे. मी मात्र पहिल्याच दिवशी रात्रीच्या बाजारात, सगळी खातात म्हणून एक तळलेला पदार्थ घेतला. दाजी, त्याला आपल्या गोठ्याच्या मागं येतो तसा वास होता. तो मुरवलेला टोफू आहे आणि वास हीच त्याची खासियत आहे, असं नंतर कळलं. त्यानंतर मी सगळे दिवस राजमतीवहिनींच्या दशम्यांवर काढले आणि अण्णांचं वजन वाढलं.

आता सामना. साठीच्या पुढच्या गटात जोड्या कमी आल्या होत्या, म्हणून संयोजकांनी साठ, सत्तर, ऐंशी असे सगळे म्हातारे एकाच गटात घातले. तरी जोड्या चारच. म्हणजे आम्ही विमानातून उतरलो तेव्हाच उपांत्य फेरीत होतो. ही बातमी मी लगेच गावाला कळवली. 'उपांत्य फेरीत पोचलो' एवढंच. (यात खोटं काय आहे ते दाखवा.) इकडं फटाके वाजले म्हणे.

आमच्या समोर आले लिन आणि चेन. दोघंही तिथलेच, निवृत्त मास्तर, दोघांनीही ऐंशी ओलांडलेली. लिन इतके बारीक की जाळीमागं उभे राहिले तर दिसायचे नाहीत, आणि चेन यांच्या दोन्ही कानांत यंत्रं. मी अण्णांना हळूच म्हणालो, की जरा बेतानं खेळू, म्हाताऱ्यांना लागायबिगायला नको. अण्णा तर माझ्याही पुढं गेले. नाणेफेकीच्या आधी त्यांनी वाकून दोघांच्या पाया पडून घेतलं. ते दोघं घाबरून मागं सरकले, मग काय चाललंय ते कळल्यावर त्यांनीही वाकायला सुरुवात केली. ते वाकले म्हणून अण्णा परत वाकले. असं बराच वेळ चाललं. कार्यक्रम सांभाळणारी मुलगी घड्याळ दाखवायला लागली तेव्हा कुठं खेळ सुरू झाला.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. ते दोघं पळतच नव्हते. जागच्या जागी उभे राहून लिन जाळीच्या अलीकडं टिचकी मारल्यासारखा चेंडू टाकायचे, मी बोंबलत पुढं यायचो, की चेन तोच चेंडू माझ्या डोक्यावरून मागच्या रेषेवर नेऊन ठेवायचे. मी पुढं, मागं, पुढं, मागं. पलटणीत शिक्षा म्हणून जेवढं पळालो नव्हतो तेवढं त्या दोन मास्तरांनी मला पळवलं. अण्णा एका जागी उभे राहून 'सुभेदार, मागं बघा' आणि 'सुभेदार, पुढं बघा' एवढं सांगत होते. आणि जो एखादा चेंडू खरोखर बाहेर पडायचा, त्यालाही ते हात पसरून 'आत, आत' म्हणून मोकळे व्हायचे.

पहिला सेट असा गेल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. मी रॅकेट खाली टाकून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "अण्णा, तुमी नेमकं कुणाच्या बाजूनं खेळताय?"

अण्णांनी चष्मा पुसला. "चेंडू रेषेला लागला हुता की ओ. मला दिसलं ते मी सांगिटलं. तुमच्याकडं पडला तर तुमी सांगा बाहेर म्हणून. मी काय बोलणार न्हाई."

झालं. दुसऱ्या सेटमध्ये चेन यांचा एक चेंडू बरोबर माझ्या पायाशी पडला. रेषेच्या आत, अगदी बोटभर आत, पण दिसला फक्त मला. लिन लांब होते, चेन यांच्या डोळ्यांवर ऊन होतं आणि अण्णांनी तर मुद्दाम पाठ फिरवली होती. सगळं उंब्रज, हायवेवरचा फ्लेक्स, त्यावरचा वाघ, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आलं. 'बाहेर' म्हणायला तोंड उघडलं आणि दाजी, काय सांगू, तोंडातून 'आत' निघालं. त्या माणसाच्या संगतीनं माझी जीभ कामातून गेली आहे. अण्णांनी मागं वळून पाहिलं नाही, पण त्यांचा कान हलला. मला इतका राग आला की त्यानंतर मी त्यांच्याशी बोलायचंच बंद केलं.

तेवढ्यात ऊन उतरायला लागलं. बाजू बदलताना बाकावर बसायला थोडा वेळ देतात, त्यात अण्णांनी पिशवीतून डबा काढला. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं ना! इकडं आम्ही जगाच्या मैदानात हरतोय आणि हा गृहस्थ कोर्टाच्या कडेला मांडी घालून दशमीला चटणी लावतोय. कार्यक्रमाची मुलगी धावत आली. अण्णांनी तिला मावळतीकडं बोट दाखवलं आणि तिच्या हातावर मूठभर भडंग ठेवलं. मग लिन डोकावले, त्यांनाही दिलं. चेन यांनी तर स्वतःच हात पुढं केला. आम्ही चौघं आणि ती मुलगी बाकावर बसून भडंग खातोय, असं ते आंतरराष्ट्रीय दृश्य होतं. मी अबोला धरला होता म्हणून आधी घेतलं नाही. मग अण्णा कुणाकडंच न बघता म्हणाले, की शेवटची मूठ आहे, कुणाला पाहिजे असली तर घ्या. घेतली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

भडंग खाऊन ते दोघं जास्तच चांगले खेळले. पहिला सेट सहा-दोन, दुसरा सहा-तीन असा आम्ही सन्मानानं हरलो. आणि हात मिळवायला जाळीपाशी गेलो तर ती मुलगी म्हणाली, अभिनंदन, तुम्हाला कांस्यपदक. उपांत्य फेरीत हरलेल्या दोन्ही जोड्यांना तिसरा क्रमांक देतात म्हणे. एकही सामना न जिंकता आम्ही जगात तिसरे आलो. अण्णा पदक घ्यायला तयारच होईनात. जिंकलो नाही तर गळ्यात कसं घालू, म्हणाले. शेवटी चेन यांनी पदक हातात धरून त्यांना वाकून नमस्कार केला. मग अण्णांनाही वाकावं लागलं, आणि वाकल्यावर पदक गळ्यात बसलं.

ही झाली खरी हकिकत. आता इथल्या सत्काराचं ऐका. ग्रामपंचायतीपुढं मांडव घातला होता. मी दोन शब्द बोलून बसलो, पण अण्णांच्या हाती माईक गेला. त्यांनी सगळं सांगितलं. आमची निवड झाली नव्हती, आम्ही एकही सामना जिंकलो नाही, ऐंशी वर्षांच्या माणसांनी आम्हाला हरवलं, पदक तर हरल्याबद्दल मिळालं. मी मांडवातून बाहेर जायची वाट शोधत होतो. पण लोक टाळ्या वाजवायला लागले. अण्णा कळवळून म्हणाले, "आवं, खरंच हरलोय आमी." तशा टाळ्या दुप्पट झाल्या. अध्यक्ष म्हणाले की एवढं मोठं यश मिळवून इतका नम्र माणूस त्यांनी आजवर पाहिला नाही, आणि अण्णांना जादाची शाल घातली. सांगलीला परत जाईपर्यंत अण्णा गाडीत डोक्याला हात लावून बसले होते. माझा अबोला मात्र तिथंच सुटला, कारण हसू आवरेना.

तेव्हा दाजी, सत्काराचं तुम्ही ठरवाल ते ठरवा. अक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदकविजेता समजून पोटात घाला.

तुमचा,
नाथाजी

ता. क. १ : एक सांगायचं राहिलं. निरोप घेताना मी लिन आणि चेन यांना रीत म्हणून म्हणालो, की एकदा आमच्याकडं या. आपल्याकडं असं म्हटल्यावर कुणी येत नाही. त्यांनी तिकिटं काढली आहेत. दिवाळीनंतर येतायत आणि त्यांना परतीचा सामना खेळायचाय. उंब्रजला कोर्ट नाही, तुमच्याकडं आता आहे.

ता. क. २ : मी पायगोंडा मगदूम लिहितोय. सुभेदार सांगलीला आले होते, पत्र टाकायला माझ्याकडं दिलं आणि पाकीट उघडं होतं. वाचलं, माफ करा. पहिला सेट सहा-शून्य होता. दुसरा सहा-एक. तो एक गेमसुद्धा लिन मास्तरांच्या दाताखाली भडंगातला खडा आला म्हणून मिळाला. बाकी मजकूर बरोबर आहे. आपल्या घरच्या मंडळींना नमस्कार.

ता. क. ३ : पाकीट परत मागून घेतलं आहे आणि आता स्वतः डिंक लावून टाकतो आहे. दाजी, मुद्द्याचं बोलतो. त्या सामन्याला पंच लागेल. आत की बाहेर हे अण्णांवर सोपवता येत नाही, आणि आता माझ्यावरही नाही. माणूस घरचा पाहिजे, वजनदार पाहिजे, आणि त्यानं जे सांगितलं ते त्याला खरंच तसं दिसलं असं कुणालाही शपथेवर पटलं पाहिजे. तो माणूस तुम्ही आहात. अक्का फोनवर म्हणत होती की तुमच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं पुढच्या आठवड्यात ठरली आहेत. डॉक्टरांना सांगून ती सामना होईपर्यंत पुढं ढकलता येतील का, तेवढं बघा.