पंचेचाळीस मिनिटांचा वॉक

३ नोव्हेंबर, सोमवार
रविवारी सकाळी दयानंद आणि मी मटार सोलायला बसायचो. पुण्यातलं पहिलं घर, दोन खोल्या, खाली वर्तमानपत्र पसरलेलं. तो सोलायचा कमी आणि खायचा जास्त. एकदा म्हणाला, "नलू, तास झाला, तू अजून ताठ कशी बसलीयस?" मी सांगितलं, कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नडेट आम्हाला डोक्यावर भूगोलाचा ॲटलास ठेवून व्हरांड्याच्या टोकापर्यंत चालायला लावत. ॲटलास पडला की पुन्हा पहिल्यापासून. दयानंदने लगेच शेंगांची परडी डोक्यावर ठेवली आणि उभा राहिला. पुढचा अर्धा तास आम्ही पलंगाखालून मटार गोळा करत होतो.

आज त्या पाठीचा एक्स-रे आला. खालचे दोन मणके जवळ आलेत म्हणे. आणि साखर, तीन महिन्यांची सरासरी, सात पूर्णांक तीन.

निषाद म्हणाला, "आई, रिह्यात एकटी राहणं आता बास. सूसला चल." सूस म्हणजे पुण्याला लागून त्याचा फ्लॅट, आठवा मजला. माझ्यासाठी ठेवलेल्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात. मी मोजले आहेत, चोवीस. इथे रिहे गावात खिडकीतून भाताची खाचरं आणि डोंगर दिसतो. दयानंद गेल्यावर सहा वर्षं मी त्या डोंगराच्या आधारावर आहे.

अखेर करार झाला. ३१ जानेवारीपर्यंत साखर सातच्या आत आणि पाठ ठणठणीत. नाहीतर सामान बांधायचं. डॉक्टरांची गोळी चालूच राहील, मी काही अडाणी नाही. पण बाकी सगळं नैसर्गिक. शरीराला स्वतःची दुरुस्ती कळते, आपण फक्त आड यायचं नाही.

तीन महिने म्हणजे भरपूर झाले. खरं तर दीडच पुरे.

५ नोव्हेंबर
कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आले. डॉ. गौतमी. वयाने आमच्या सुनेएवढी, जुईलीएवढी, हात मात्र लोहाराचे. मला पालथं झोपवलं. टेबलाचा मधला भाग धाडकन खाली गेला, मला वाटलं माझ्यामुळे मोडला. मग मान धरून अशी फिरवली की फुटाणे फुटल्यासारखा आवाज आला. उठले तेव्हा दोन इंच उंच झाले होते. निषाद म्हणतो तसं काही नाही. त्याला काय कळतं.

नियम: जमिनीवर बसायचं नाही. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. रोज पंचेचाळीस मिनिटं चालायचं. ताटात अर्धी भाजी. साखर बंद.

वर म्हणाली, "काकू, मी पाठ बघते. साखर तुमची तुम्हालाच बघायचीय. ती मला दाबून खाली नाही आणता येणार." चांगली विनोदी आहे.

६ नोव्हेंबर, सकाळी ९
पहिला वॉक. ६.१० ला निघाले, ८.४० ला परत. त्यात प्रत्यक्ष चालणं पंचेचाळीस मिनिटं भरलं, फोनने मोजलं. बाकीचा वेळ रस्त्यातल्या तीन घरांनी घेतला, त्याला माझा इलाज नाही.

राजाबाईंनी शेळ्यांच्या गोठ्यातूनच हाक मारली. "ओ बाई, कुटं पळताय? वाघ लागलाय का मागं?" चहा दिला. अर्धा कप. अर्धा कप धरत नाहीत. पुढे गोजराबाई. तिथेही अर्धा. शेवटी ओढ्याजवळ हैबतराव, सत्तरीचे, एकटेच अंगणात रेडिओ लावून बसलेले. त्यांचा पूर्ण कप, कारण त्यांच्याकडे छोटे कप नाहीत.

राजाबाईंकडे चार दिवसांचं करडू आहे. एक कान पांढरा. उचलून घेतलं तर माझ्या पदरात तोंड खुपसून झोपलंच. करडू म्हणजे वजन नव्हे.

९ नोव्हेंबर
साखरेचा डबा उज्वलाला देऊन टाकला. ती माझ्याकडे स्वयंपाकाला येते. "खरंच नेऊ?" असं तीनदा विचारून गेली. आता या घरात साखरेचा कण नाही. सकाळी तुळशीचं पाणी. मन इतकं हलकं वाटतंय की हे आधीच का केलं नाही.

१७ नोव्हेंबर
आपल्याला कळलेलं दुसऱ्यांपर्यंत पोचवलं पाहिजे. आज राजाबाईंना चहा पिता पिता समजावलं की मैदा, साखर सोडा, निसर्गाकडे वळा, नाचणी खा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमी जल्मभर नाचनीच खाल्ली, बाई. आत्ता कुटं गव्हाची पोळी गावाया लागलीया. तेवडी ऱ्हाऊ द्या."

हैबतरावांना मात्र पटलं. त्यांनी साखर सोडून गुळाचा चहा सुरू केला. गूळ नैसर्गिक, म्हणून दुसऱ्या कपाला हरकत नव्हती.

१८ नोव्हेंबर
ताटात अर्धी भाजी. बटाट्याची.

२८ नोव्हेंबर
एक गोष्ट लक्षात आली आणि थोडी घाबरले. तीन आठवड्यांपूर्वी पांढऱ्या कानाचं करडू एका हाताने उचलत होते. आज दोन्ही हात लावले तरी दम लागला. म्हणजे माझी ताकद कमी होते आहे! प्रोटीन कमी पडतंय. गोजराबाईंना सांगितलं, तर त्यांनी लगेच शेंगदाण्याचे लाडू काढले. चार खाल्ले. शेंगदाणा म्हणजे शुद्ध प्रोटीन.

त्यांचा मुलगा सिद्धू उरवड्याच्या कंपनीत आहे. शिफ्ट अशी की आठवडा आठवडा आईशी बोलणं होत नाही. लाडू त्याच्यासाठीच केले होते. "तो कुटं खातोय, तुमी खा," म्हणाल्या. मग पाचवा खाल्ला.

८ डिसेंबर
वजन एक किलो वाढलं. स्नायू.

डॉ. गौतमींनी विचारलं, "काकू, काही उचलता का?" मी म्हटलं, छे. मी त्या वेळी सामानाबद्दल विचार करत होते.

२० डिसेंबर
कराराच्या आधीच स्वतःहून तपासणी केली, निषादला चकित करायचं म्हणून. सात पूर्णांक सहा.

लॅबमधली मुलगी फार गडबडीत होती. दुसऱ्या कोणाचं रक्त असणार. तरी आपल्या बाजूने कमतरता नको, म्हणून वॉक दुप्पट करते आहे. उद्यापासून सकाळ आणि संध्याकाळ.

२३ डिसेंबर
संध्याकाळी राजाबाईंकडे चहाबरोबर भजीही असतात. मला माहीत नव्हतं.

२८ डिसेंबर, रविवार
निषाद काल राहायला आला होता. सकाळी म्हणाला, "आई, मी पण येतो तुझ्याबरोबर." मी म्हटलं, तुला माझा वेग झेपणार नाही. आला.

राजाबाई दारातच उभ्या. "हे तुमचं पोरगं व्हय? लई वाळलंय. सूसात खायला घालत न्हाईत का?" आणि माझ्याकडे न बघता माझा कप पुढे केला. निषाद म्हणाला, आई चहा घेत नाही. राजाबाई इतक्या हसल्या की शेळ्या दचकल्या. "कोन, ह्या? दोन येळंला घेत्यात. तीन चमचं साकर लागती त्यास्नी. मी म्हनलं शहरातली बाई, गोडाची आवड आसंल."

गोजराबाईंनी लाडवांचा हिशेब सांगितला. मोठ्या मायेने सांगितला. हैबतराव तर उठून उभे राहिले. "साहेब, मॅडमनी आमाला गुळावर आनलं. आता रोज दोन कप संगट घेतो."

निषाद बोटांवर मोजत होता. दुसऱ्या हातावर आला तेव्हा मी डोंगराकडे बघू लागले. परत येताना त्याने प्रत्येक दारात थांबून सांगितलं, आईला शुगर आहे.

राजाबाईंचा चेहरा उतरला. "दोन म्हैने हितं बसून चहा पिताय आनि सांगितलं न्हाई? आमी काय इख पाजत व्हतो का तुमाला?"

विषयच निघाला नव्हता, म्हणून नाही सांगितलं. आणि सांगितलं असतं तर हाक मारली असती का कोणी?

पण हे इथे लिहायची गरज नव्हती.

२९ डिसेंबर
वॉक. कोणाची हाक नाही. पंचेचाळीस मिनिटांत परत. घरी आले तेव्हा ६.५५ झाले होते. इतका मोठा दिवस मी या वर्षात पाहिला नव्हता.

३० डिसेंबर
हाक आली! राजाबाईंनी बोलावलं. हातात पेला, पेल्यात हिरवंगार. कडुलिंबाचा रस. "निसर्गाकडं वळा म्हनत व्हता न्हवं? वळलो आमी. प्या." गोजराबाईंकडे रात्रभर भिजवलेल्या मेथीचं पाणी, दाण्यांसकट. हैबतरावांकडे जांभळाच्या बियांची पूड. कोऱ्या चहातून. कपाचा आकार तोच.

नाही म्हणवत नाही मला. कधीच म्हणवलं नाही.

६ जानेवारी
फिजिशियनना फोन करून विचारलं, हे सगळं घेऊ का. ते म्हणाले, थोडं थोडं चालेल, गोळी सोडू नका, आणि खरं औषध म्हणजे तो चहा बंद झाला ते. त्यांना तीन घरांची चव माहीत नाही.

१२ जानेवारी
साडेपाचलाच निघाले, की कोणी उठलेलं नसेल. हैबतराव रस्त्यावर बॅटरी घेऊन उभे. "म्हनलं आज लवकर निघाल तुमी. उतारवयात झोप लागत न्हाई, मलाबी न्हाई लागत." पेला दिला. मी संपवीपर्यंत प्रकाश पेल्यावरच धरला होता.

मग बसलो जरा. त्यांनी रेडिओ बंद केला. प्रथमच. बायको कशी गेली ते सांगितलं. मी दयानंदचं सांगितलं. घरी यायला सव्वासात झाले.

२७ जानेवारी
सहा पूर्णांक नऊ!

माझा पहिल्यापासून निसर्गावर विश्वास होता. लॅबमधली मुलगी फार नेटकी आहे. आज तिघांकडे जाऊन सांगितलं. राजाबाई म्हणाल्या, "माज्या लिंबानं." गोजराबाई म्हणाल्या मेथीने. हैबतराव नुसते हसले आणि पुडीचा डबा दाखवला. मी प्रत्येकाला हो म्हटलं.

डॉ. गौतमींनी पाठही तपासली. "छान सुधारतेय काकू, पण घाई नको. अजून जपायचं." म्हणजे पाठ ठणठणीत.

शनिवारी निषाद आणि जुईली येतायत. सूसचा विषय संपला. ताटात काय ठेवायचं ते ठरवते आहे. शेंगा मिळाल्या तर मटार भात.

३१ जानेवारी, शनिवार. आडवी पडून लिहिते आहे
रिपोर्ट दाखवला. निषादने दोनदा वाचला आणि मला मिठी मारली. जुईली म्हणाली, "आई, जिंकलात तुम्ही." तिथे थांबायला हवं होतं.

पाठीचा पुरावा कागदावर नव्हता. म्हणून त्यांना घेऊन राजाबाईंच्या अंगणात गेले आणि म्हटलं, बघा. पांढऱ्या कानाचं करडू उचललं. राजाबाई ओरडल्या, "आवो बाई, करडू कुटं ऱ्हायलं त्ये? शिंगं फुटल्यात त्याला!"

उचललं. हे नोंदवून ठेवते की उचललं. खाली ठेवता मात्र आलं नाही. मी वाकलेली, ते माझ्या गळ्यात, आणि दोघंही ओरडत होतो. राजाबाईंचा पुतण्या धनाजी शेतातून धावत आला आणि आम्हाला वेगळं केलं. तेरा किलो भरलं म्हणे.

निषाद रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तो माझ्या चपला शोधत होता.

२ फेब्रुवारी, सोमवार, सकाळी ११
डॉ. गौतमींनी तूर्त हात लावायला नकार दिला. आधी ऑर्थोपेडिककडे, एमआरआय, मग बघू. सहा आठवडे विश्रांती, जिने नाहीत, एकटं राहणं नाही. गाडी चार वाजता येते आहे. आठवा मजला, पण लिफ्ट आहे. ही बदली नव्हे, मुक्काम आहे. मार्चच्या मध्यापर्यंत मी इथे असेन. फार तर एप्रिल.

हे पान फाडून उज्वलाला द्यायचं आहे, म्हणून नीट लिहिते.

उज्वला, स्वयंपाकघरातलं नाचणीचं पीठ तू ने, पोरांना आंबील कर. तांब्याची बाटली धनाजीला शेतावर न्यायला दे. पाठ लोळवायचा तो फोमचा लांब रूळ आहे, तो राजाबाईंना दे, दाराला अडणा म्हणून त्यांना आवडला होता. नाही तरी माझ्याकडे तो फक्त पाय लागून पडायच्या कामी यायचा. वजनकाटाही त्यांनाच. शेळ्यांना लागेल, आणि त्या खरं सांगतील.

पाठीला लावायची उशी मी नेते आहे. डोंगराकडच्या खिडकीचा पडदा उघडा ठेव.

कडुलिंब, मेथी आणि जांभळाची पूड अशा तीन बरण्या फळीवर आहेत. परत देऊ नकोस, वाईट वाटेल. सूसला पाठव. खरंच पाठव.

आता मुख्य. रोज सकाळी घर उघडायला येताना पाच मिनिटं आधी निघ आणि ओढ्याकडून ये. राजाबाईंना नुसती हाक मारली तरी चालेल, शिव्या देतील त्या ऐकून घ्यायच्या. गोजराबाईंना पंधरा मिनिटं. सिद्धूचा फोन आला का विचारायचं, आणि नाही म्हणाल्या तर विषय बदलायचा नाही, बसायचं. हैबतरावांना जास्त वेळ लागेल. रेडिओ चालू असेल तर पुढे जा. बंद असेल तर थांब.

चहा देतील. नाही म्हणू नकोस.