स्टूल रिकामं होतं, ताई

प्रिय ताई,

चौथी शिकलेल्या बाईचं पत्र आहे, चुका काढत बसू नका. तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली. काल तुमची लेक नेहा घर आवरायला आली होती. लॅपटॉपवर तुम्ही शिकवलेले तास साठवलेले सापडले, त्यातला एक तिने मला दाखवला. तेव्हापासून कशात लक्ष नाही, म्हणून लिहायला बसले.

उभा जन्म तुमचा कॉलेजात खडू-फळ्याशी गेला. मग कोरोनात कॉलेज बंद झालं आणि तुम्ही जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडलात. सोसायटीने आम्हा कामवाल्यांना परत आत सोडलं तेव्हा बघते तर काय, तुम्ही इस्त्रीची साडी नेसून काळ्या चौकोनांशी बोलताय. एका पोराचं तोंड दिसेल तर शपथ. कळलं का विचारलंत की लिहून यायचं, येस मॅम. मी म्हटलं, झोपलेत सगळे तिकडे.

तुम्ही चिडला नाहीत. म्हणालात, "सिंधू, तू जरा समोर बस. तोंड दिसल्याशिवाय मला शिकवता येत नाही गं."

मग मी लॅपटॉपच्या मागे स्टुलावर घेवडा मोडत बसायची. कळलं नाही की मान आडवी हलवायची, एवढंच काम. मी हलवली की तुम्ही तेच दुसऱ्या वाटेने सांगायचात. एकदा जमिनी खारावतात कशा ते चाललं होतं. माझं माहेर मांजरी गावचं, सगळा ऊसच तिथे, मला राहवतंय का? बोलले मध्येच, उसाला पाणी सोडून गडी झोपा काढतात, मग रान पांढरं पडेल नाहीतर काय होईल? तिकडून हसू आलं. पाच-सहा पोरांनी कॅमेरे उघडले. तुमचा चेहरा काय खुलला होता तेव्हा!

पण मला धीर कुठला? पुढच्या दोन घरच्या वहिनी घड्याळ दाखवायच्या. मी युक्ती काढली. कळो न कळो, मान डोलवायची. तुमचं लवकर आटपायचं, मी सुटायची. आठवडाभर चाललं. एक दिवस तुम्ही माइक बंद केलात आणि विचारलंत, आत्ता मी काय सांगितलं? मी घेवडा मोडत राहिले.

"तूही येस मॅमच म्हणतेस की."

चुकलं म्हणायचं सोडून मी उलट बोलले, मी भांडी घासायला येते, शिकायला नाही. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला बस म्हणाला नाहीत. एकदा हाक मारायला काय झालं होतं ताई? शिव्या घातल्या असत्या तरी आले असते. मीही ताठ्यात. त्या स्टुलाखालून फडकं मारताना पुटपुटायची, कशाला ही अडगळ. आणि कॉलेज उघडायला महिना राहिला असताना तुम्ही गेलात. फळ्यासमोर एकदा तरी उभं राहायचं होतंत.

काल बघितला तो तास आपल्या भांडणानंतरचा. मोरीत मी भांडी आपटतेय, तेही ऐकू येतं. तुम्ही बोलता बोलता लॅपटॉपच्या वरून बघता आणि विचारता, "सिंधू, कळलं?" थांबता. मग सगळं पहिल्यापासून सांगता, दुसऱ्या वाटेने. एक मुलगा विचारतो, मॅम, ही सिंधू कोण? हजेरीत नाव नाही.

तुम्ही म्हणता, "आहे एक. सध्या येत नाही."

नेहा म्हणाली, असे बरेच तास आहेत.

स्टूल मी नेहाकडून मागून घेऊन घरी आणलंय. तास नेहाने माझ्या फोनात घालून दिलेत. एकूण एक बघीन, पुढे न पळवता. खोटी मान डोलवणार नाही, हा शब्द. पहिलाच आज सकाळी लावला. तुम्ही विचारलंत, थांबलात.

नाही कळलं, ताई. परत सांगा.

तुमची,
सिंधू