भज्यांचा वास

मंगळवार, संध्याकाळ

हाताला अजून भज्यांचा वास येतोय.

सुमनच्या हट्टापायी आज वाईला गेलो, लग्नानंतर गेलो होतो तसं. कॅन्सरमुळं तिला पोटातल्या नळीनंच भरवावं लागतं. नळी लवकर निघेल, असं मी तिला सांगत आलोय. डॉक्टर तसं म्हणालेले नाहीत. घाट, पुराचं पाणी फोडायला माशासारखी बांधलेली देवळाची भिंत, सगळं तिनं डोळे भरून पाहिलं. मग भज्यांच्या गाड्यापाशी थांबली.

"तुमी खावा. मी बघते."

खाल्ली. अगदी तेव्हासारखीच होती.

"कशी हायती?"

"पयल्यासारखी न्हाईत गं." तिला बरं वाटावं म्हणून बोललो. कशाला बोललो?

तिनं माझा हात नाकाशी नेला.

"वास तर तोच हाय. आवं, चव आता तुमच्याच तोंडानं कळायची मला. ह्यात तरी खोटं बोलू नगा."