चार कोण कोण?

११ ऑक्टोबर, रविवार

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. चार महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील, तर तो राग योग्य आहे. त्यातला थोडा शिल्लक ठेव, पुढे लागेल. तुझी पाठ कशी आहे? भावोजींना अजून टीव्ही आवाज बंद करून बघावा लागतो का? (आई आठलाच झोपते आणि तुमचा हॉल हीच तिची झोपायची खोली, हे मी विसरलेलो नाही.) मोठ्यांना नमस्कार, आणि तुझी मुलं आता माझ्यापेक्षा उंच झाल्यामुळे त्यांनाही नमस्कारच. फोनवर मी घराचं 'बघतोय, बघतोय' म्हणतो आणि रेंज गेल्याचं सांगतो. रेंज जात नाही, ताई. मीच गॅलरीतून आत जातो.

माझी पत्रं तू आईला वाचून दाखवतेस. हे वाचताना कंस आला की खोकला आल्यासारखं कर आणि पुढे जा. (कंस बरेच आहेत. खोकल्याचं औषध आणून ठेव.)

बदलीचा कागद आला तेव्हा 'घर मिळेपर्यंत पंधरा दिवस' म्हणून आईला तुझ्याकडे सोडलं आणि आम्ही चौघं इथे आलो. कार्यालयानं कृपा करून मागची खोली दिली. तिथे जप्त केलेले तराजू ठेवतात. नोकरी तुला ठाऊकच आहे : दुकानोदुकानी जाऊन वजनं आणि मापं तपासायची, खरी असली तर शिक्का मारायचा. वीस वर्षं लोकांना 'मापात पाप नको' हे सांगून पोट भरलं, तेव्हा पुढचं वाचताना तुला हसू आलं तर मी समजू शकतो.

घरं दाखवायला जो एजंट मिळाला, त्याचं नाव मुलांनी 'फक्त' ठेवलं. 'फक्त दोन मिनिटांवर,' म्हणून त्यानं आम्हाला पाऊण तास चालवलं. 'फक्त जिना थोडा उभा आहे,' असं म्हणाला तो जिना नव्हताच, शिडी होती. एका घरात न्हाणीघरातून गेल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येत नव्हतं, म्हणजे एकाची अंघोळ होईपर्यंत बाकीच्यांनी उपाशी राहायचं. दुसऱ्या घराच्या मधोमध मालकांनी एक खोली कुलूप लावून स्वतःसाठी ठेवली होती आणि 'फक्त कधीतरी' येऊन ते तिथे बसणार होते. का बसणार, हे विचारायचा धीर झाला नाही. बरी घरं होती, पण त्यांचं भाडं ऐकून ही माझ्याकडे बघायची, मी 'फक्त'कडे बघायचो आणि 'फक्त' आभाळाकडे बघायचा.

परवडणारी दोन घरं मात्र माझ्यामुळे गेली. मालक म्हणाले, खोली दहा बाय बारा. माझा हात आपोआप खिशातल्या टेपकडे गेला. भरली नऊ-दोन बाय दहा-अकरा. मी नम्रपणे तसं सांगितलं. पहिल्या मालकांनी नम्रपणेच दार दाखवलं, दुसऱ्यांनी नम्रपणा वगळला. त्या दिवशी हिनं टेप काढून घेऊन डाळीच्या डब्यात पुरली आणि बजावलं, की यापुढे घर बघताना हात बांधून उभं राहायचं आणि विचारलं तेवढंच बोलायचं.

विचारलं तेवढंच बोललो. सगळं तिथेच बिघडलं.

(इथून जोरात खोक.) ताई, घर मिळालं आहे. नऊ आठवडे झाले. दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, भाडं माझ्या पगाराला झेपेल असं. मालकीणबाई एकट्याच खाली राहतात. सत्तरीच्या, शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे समोर उभं राहिलं की मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. म्हणाल्या, वरच्या मजल्याची टाकी चार माणसांची आहे, पाचवं चालायचं नाही. मग विचारलं, ''माणसं किती?'' मी म्हणालो, ''चार.''

हे अर्धं खरं होतं, कारण त्या क्षणी चौघंच उभे होतो. (डायरीत त्या दिवशी मी हे वाक्य लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी खोडलं. तराजूच्या पारड्यावर अंगठा टेकवणारा दुकानदारही असंच काहीतरी सांगतो.) बाईंनी पुढे विचारलं, आईवडील? मी म्हणालो, वडील नाहीत. पुढचं बोलायला श्वास घेतला, एवढ्यात त्या हळहळल्या, ''अरेरे, दोघंही गेले?'' मी मान खाली घातली. मान खाली घालणं होकाराचं की लाजेचं, हे बघणारा ठरवतो. त्यांनी होकार धरला आणि किल्ली दिली.

जिना उतरताना ही फक्त एवढंच म्हणाली, ''चार कोण कोण?'' मी बोटांवर मोजायला लागलो, तर ही माझ्यासाठी थांबलीच नाही. पुढे कधी विषय काढला की म्हणते, मोजणारे तुम्ही, चूक तुम्हीच काढा.

त्यानंतर जे सुरू झालं ते शत्रूवर येऊ नये. बाईंनी मला पोरका ठरवलं. सेहेचाळीस वर्षांचा पोरका! रोज संध्याकाळी झाकलेली वाटी वर यायला लागली, 'आईच्या हातचं नाही, पण घ्या.' मी घ्यायचो. चव चांगली असायची, हे जास्त वाईट. एकदा त्यांनी हळूच विचारलं, आई कशानं गेल्या? मला खोटं सुचत नाही, म्हणून जे खरं होतं ते सांगितलं, ''गुडघ्यांचा फार त्रास होता तिला.'' (डायरीत नोंद : आज खोटं एकाच शब्दाचं, 'होता'.)

गुडघ्यानं माणूस जातं हे बाईंनी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे दुखतात. त्या आठवड्यात त्या डॉक्टरांकडे तीनदा गेल्या. जिना चढणं बंद केलं. वाटी माझ्या मुलीच्या हाती वर येऊ लागली. पुढे एकदा मला खाली बोलावून कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात तेही दाखवून ठेवलं. मी प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून खाली जायचो आणि 'काळजी घ्या' म्हणून वर यायचो.

काल उलगडा झाला. माझी लेक खाली चित्र काढत बसली होती. आमचं घर, त्यात माणसं पाच. बाईंनी पाचवीवर बोट ठेवलं. आजी, म्हणाली. बाईंनी तिला जवळ घेऊन समजावलं, की आजी देवाकडे गेली ना बाळा. तर कार्टी म्हणते, ''नाही, आत्याकडे.''

बाई चौदा पायऱ्या चढून वर आल्या. दारात धापा टाकत उभ्या. मी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली.

''आई आहेत तुमच्या?''

''आहे.''

''गुडघे?''

''दुखतात.''

त्या खुर्चीत बसल्या. आधी चेहऱ्यावर सुटका दिसली, मग राग आला, तो मुख्याध्यापिकेचा. ''मला फसवलंत ते एक वेळ राहू दे,'' त्या म्हणाल्या, ''पण जित्या आईला कमी केलंत तुम्ही, टाकीसाठी.'' मग अट घातली : आईला इथे आणायचं, आणि बाईंना काय सांगितलं होतं ते मी माझ्या तोंडानं तिच्यासमोर सांगायचं. घर ठेवायचं की काढून घ्यायचं ते त्यानंतर.

ताई, घर गेलं तर पुन्हा तराजूंच्या खोलीत जाऊ. पण आईसमोर ते वाक्य कसं म्हणू? तिनं चौघांच्या जेवणात आयुष्यभर पाचवं पान वाढलं, कोण येईल सांगता येत नाही म्हणून.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : खरं काम हे, की आई निघण्याआधी तूच तिला सगळं सांग. तुझ्या तोंडून ते बरं वाटेल. सांगताना माझा दोष निम्मा एजंटावर टाकलास तरी चालेल.

ता. क. २ : नको. हे लिहून अर्धा तास झाला आणि माझीच मला शिसारी आली. सांगणार मीच.

ता. क. ३ : आज सकाळी बाईंच्या परवानगीनं डाळीतून टेप काढून टाकी मोजली. सहा माणसांना पुरून उरेल एवढी आहे. चार कसं ठरलं विचारलं, तर त्या म्हणाल्या, मुलगा-सून-नातवंडं वर राहायची तेव्हा ती चौघं होती. आयुष्यात एकदाच न मोजता बोललो, आणि नेमकं तेव्हाच मोजायला हवं होतं.

ता. क. ४ : पाकीट चिकटवत होतो तर लेक शेजारी येऊन बसली. आजीला हे नवं घर आवडेल का, असं मी सहज म्हणालो. म्हणाली, आजीला सगळं माहीत आहे, शाळेतून आल्यावर मी रोज तिच्याशी फोनवर बोलते ना. चार सांगितल्याचंही माहीत आहे. मग आजी काय म्हणाली? ''म्हणाली, बाबाला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. त्याला लाज वाटेल.''

ताई, आता हे पत्र पहिल्यापासून आईला वाचून दाखव. कंसांसकट. खोकू नकोस.

उद्या : रजेचा अर्ज. कारण, 'आईला घरी आणणे'.