नऊ नंबरचा बिबट्या

शुक्रवार, २१ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? इकडे ठीक. ऑफिसच्या खिडकीची काच अजून फुटलेलीच आहे, साहेबांनी तिथे जुना नकाशा चिकटवलाय. तू असतास तर यावर महिनाभर हसला असतास.

उगाच इकडचं तिकडचं लिहितेय. खरं सांगायचं तर सोमवारपासून मी सुन्न आहे.

जंगलातल्या बिबट्यांची यंदाची मोजणी मुख्य ऑफिसने केली. सहा भरले. मागच्या वर्षी मी अकरा मोजले होते. मग पाच गेले कुठे, असा गहजब झाला आणि तिथला गार्ड म्हणून तुझ्यावर शिकाऱ्यांना सामील असल्याचा आळ आला, तुला घरी बसवलं. कोणते पाच गेले ते शोध, म्हणून साहेबांनी सोमवारी दोन्ही वर्षांचे फोटो माझ्यापुढे टाकले.

मागच्या वर्षी मोजणीसाठी जंगलात एका जागी एकच कॅमेरा लावला होता. यंदा पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन, म्हणजे जनावराची दोन्ही अंगं एकदम टिपली जातात. बिबट्या ओळखायचा तो ठिपक्यांवरून, आणि एकाच बिबट्याच्या दोन अंगांवरचे ठिपके सारखे नसतात. पहिल्याच बिबट्याच्या उजव्या अंगावरचे ठिपके माझ्या यादीतल्या चार नंबरचे निघाले. डाव्या अंगावरचे नऊ नंबरचे.

दादा, चार आणि नऊ एकच जनावर आहे. माझ्याकडे सहा उजवी अंगं होती आणि पाच डावी. तीच मी अकरा बिबटे म्हणून मोजली. ते पाच कधी नव्हतेच.

मागच्या वर्षीच तू माझ्या टेबलाशी उभा राहून म्हणाला होतास, "अगं, सहाच आहेत. रोज बघतो मी." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "तुझा अंदाज तुझ्याजवळ ठेव, माझ्याकडे फोटो आहेत." सगळे हसले. तूसुद्धा हसलास.

आता जे लिहायचं टाळतेय ते लिहिते. मला हे सोमवारी कळलं आणि तुझी चौकशी बुधवारी होती. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मागच्या वर्षीचा आकडा चुकला असेल का, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "माझ्या बहिणीने मोजलंय. चुकायची नाही ती." माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नोकरी जाईल याची भीती वाटली, बाकी काही कारण नाही.

आज सकाळी सगळं लिहून साहेबांना दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि मला घरी जायला सांगितलं. तुला बहुतेक परत कामावर घेतील.

सहाच आहेत हे ठाऊक असून तू माझी बाजू का घेतलीस, ते विचारायला रविवारी येतेय. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन.

बुधवारी मागच्या खुर्चीवर गप्प बसलेली,
तुझी धाकटी