गुलमोहराच्या मुळावरचा शाडू

मी, शेवंती सहदेव राऊळ, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार तळमजला, वर्तकनगर, ठाणे पश्चिम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझा रक्तदाब वाढलेला असतो. त्याचं कारण पुढे येईलच. त्याचा बुद्धीवर परिणाम झालेला नाही, असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, कारण याआधी मला एवढा राग आलेला नव्हता.

१. माझे पती सहदेव आता हयात नाहीत. मला दोन अपत्यं. मुलगा विनीत, जो पत्नी रचनासह माझ्याजवळ राहतो आणि आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. आणि मुलगी अक्षदा, जी लग्नानंतर डोंबिवलीला असते. राहतं घर माझ्या कमाईचं असून माझ्या एकटीच्या नावावर आहे.

२. सोसायटीच्या आवारातला गुलमोहर माझ्या मालकीचा नाही, त्यामुळे तो मला कोणाला देता येत नाही, असं वकीलबाईंनी समजावलं. ठीक आहे. पण तो लावला मी. ह्यांना आंबा हवा होता. मी म्हटलं, आंब्याची वाट बघायला मला सवड नाही, दुपारचं ऊन थेट ओट्यावर येतं. भराभर वाढेल, सावली देईल आणि फुलेलही असं झाड मला हवं. पहिलं रोप वर्षाच्या आत मेलं. खणून पाहिलं तर विटांचे तुकडे, चुना, फुटक्या फरशा. बिल्डरने सगळा राडारोडा तिथेच पुरून वर चार बोटं लाल माती पसरली होती. मग आम्ही कमरेएवढा खड्डा घेतला, राडारोडा उपसला आणि पाणी ओतून बघितलं. चहा होईपर्यंत पाणी जिरलं तर ठीक, नाही तर आणखी खणायचं. त्या दिवशी आम्ही बरेच चहा प्यायलो. नंतर तळाला मुरूम, वर लाल माती आणि वर्षभर कुजवलेलं शेणखत. ते खत हे तबेल्यातून स्कूटरवर, पायांशी गोणी ठेवून आणायचे. "तुझ्या झाडापायी ऑफिसात मला कोणी डब्याला शेजारी बसवत नाही," म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी परत जायचे. फोटोला हार घालताना मला ह्यांची आठवण येत नाही. शेणखताच्या वासाने येते, आणि मग दिवसभर जात नाही.

३. आता रागाचं कारण. विनीत सेक्रेटरी झाला आणि त्याने पर्यावरणपूरक विसर्जन सुरू केलं. सोसायटीतल्या शाडूच्या सगळ्या मूर्ती आवारातल्या टाकीत विरघळवायच्या आणि अनंत चतुर्दशीनंतर तो गाळ गुलमोहराच्या बुंध्याशी ओतायचा. ऐकायला गोड वाटतं. फोटो निघाले, सत्कार झाला, बॅनर लागला. बॅनरवर गुलमोहर मागे आणि विनीत पुढे. तो बॅनर अडकवायला खोडात खिळे ठोकले तेही माझ्याच मुलाने.

शाडू म्हणजे पिठासारखी बारीक चिकणमाती. ती घट्ट बसते म्हणून मूर्तीला चांगली, आणि त्याच कारणाने मुळांना वाईट. ओली असेतो पाणी खाली जाऊ देत नाही, वाळली की फरशीसारखी होते. मुळांना हवा लागते. हे मी दर वर्षी सांगत आले.

"आई, बाप्पाची माती आहे ती," विनीत म्हणाला. "तिने झाडाचं वाईट कसं होईल?"

"बाप्पाला मध्ये घेऊ नकोस. बाप्पा गेल्यावर उरते ती चिकणमाती."

यावर सोसायटीच्या सभेत एका गृहस्थांनी मला नास्तिक म्हटलं आणि माझा मुलगा खाली बघत बसला. आमच्या घरी गणपती माझ्या आजेसासूपासून येतो. आमच्या मूर्तीचा शाडू मी सुकवून टेंभी नाक्याजवळच्या मूर्तिकाराला परत देते. तो भिजवून पुढच्या मूर्तीला वापरतो. सगळ्यांचाच तसा देता आला असता. एक टेम्पो बोलवायचा होता, पण टेम्पोचा फोटो चांगला येत नाही.

या वैशाखात गुलमोहर फुलला तो शेंड्याला, मूठभर. पावसात एक मोठी फांदी पडली. आता विनीतच म्हणतो, झाड धोकादायक झालंय, तोडायची परवानगी काढू. ज्याने गळा दाबला तोच म्हणतो, याला धाप लागते.

४. फांदी पडली त्या आठवड्यात रचनाने कोणाला न विचारता कुदळ उचलली. कडेने कुदळ, बुंध्याजवळ खुरपं, मुळं न दुखवता. वीतभर करडा थर निघाला. खालची माती गटारासारखी वास मारत होती. वरच्या गॅलरीतून एकीने विचारलं, "अगं, ती सेक्रेटरीची बायको ना? हे काय करतेय?" रचनाने मान वर केली नाही. बहुतेक मुळं काळी पडली होती, थोडी पांढरी होती. "आई, ही बघा, जिवंत आहेत अजून," ती म्हणाली. त्या दिवशी मी तिच्यासमोर रडले. तिच्या आमटीबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

५. सबब, माझं राहतं घर, सोसायटीच्या सभासदत्वासह, मी माझी सून रचना हिला संपूर्ण मालकीहक्काने देत आहे. विनीत सेक्रेटरी आहे तो मी त्याला माझा सहसभासद करून घेतलं म्हणून. ते माझ्याबरोबर संपेल. पुढे त्याला सहसभासद करावं की नाही, हे रचनाने त्याच्या हातांना झाडाची माती लागते का ते बघून ठरवावं. त्याने या घरात राहायला माझी हरकत नाही, रचना ठेवेल तोवर.

६. माझे दागिने आणि बँकेतली ठेव अक्षदाला. तिने डोंबिवलीला गच्चीवर प्लॅस्टिकच्या ड्रमात गुलमोहर लावला आहे आणि तो वाढत का नाही म्हणून मला फोन करते. या दोघांना मीच वाढवलं, हे कधीकधी खरं वाटत नाही. तो ड्रमातून काढून जमिनीत लावावा.

७. पहार, कुदळ, खुरपं आणि घमेली रचनाची. बुंध्याभोवतीची जमीन फांद्यांच्या सावलीएवढी उघडी ठेवावी. पेव्हर ब्लॉक घालू देऊ नयेत, कोणाची गाडी कितीही मोठी असली तरी. पालापाचोळा जाळू नये, तिथेच कुजू द्यावा. खोडाला टेकवून मातीचा ढीग करू नये. पावसाआधी मूठभर माती ओली करून वळावी. गोळा व्हावा आणि बोटाने दाबताच फुटावा. फुटला नाही तर पाल्याचं खत आणखी घालावं.

८. माझी राख गुलमोहराखाली पुरायची कल्पना विनीतला सुचणार, मी त्याला ओळखते. पुरायची नाही. राखेतल्या क्षारांनी माती बिघडते. माझी राख खाडीत सोडावी. तिथलं पाणी आधीच खारट आहे.

९. साक्षीदार दोन लागतात. एक आमचे डॉक्टर. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणून दुसरा साक्षीदार विनीतला केलं आहे.

साक्षीदाराला मजकूर वाचावा लागत नाही, पण मी त्याला वाचायला लावला. त्याने सगळा वाचला. मग म्हणाला, "आई, उद्याचा शाडू झाडाखाली जाणार नाही."

मी म्हटलं, "चांगलं. सही कर."

ठिकाण: वर्तकनगर, ठाणे
दिनांक: ५ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशीचा आदला दिवस

लिहून ठेवणार: (सही) शेवंती सहदेव राऊळ

वरील सही आमच्या समक्ष झाली:
१. (सही) डॉ. हितेश भोईर
२. (सही) विनीत सहदेव राऊळ, मुलगा